वाहनाचा प्रकार

पंचनाम्याच्या छापील कागदावर
'वाहनाचा प्रकार' याच्यापुढं
दीड बोट जागा असते.
सव्वीस वर्षं मी ती भरतोय,
कधी अडलं नव्हतं.

वांगीच्या पुढं, ओढ्याच्या वळणावर,
रात्री पावणेआठला
वडाप अंगदवर जाऊन आदळलं.
असंच सांगितलं चहावाल्या दिनकर जंगमनं,
असंच मी लिहायला घेतलं,
तर नव्या फौजदार मॅडम म्हणाल्या,
थांबा. कोण कोणावर?

रहांगडाले मॅडम गोंदियाच्या.
बॅटरीच्या उजेडात त्यांनी आधी ऊस पाहिला,
रस्ताभर ऊसच ऊस, टायरखाली फुटून
गोड वास सुटलेला,
मग नाक चेपलेली ट्रॅक्स.
'याला वडाप म्हणता? आमच्याकडे ही काळीपिवळी.'
मी म्हटलं, मॅडम, ही पांढरी आहे.
'आमच्याकडच्या पण निम्म्या पांढऱ्याच असतात,' म्हणाल्या.

उसावर बसलेला आसराजी खेडकर,
शिरूर कासारचा तोडकरी,
कपाळावर फडकं दाबून म्हणाला,
'जीपडं लई जोरात आलं सायेब,
आमचं जुगाड कडंला उभंच व्हतं.'
कारखान्याच्या चिठ्ठीवर
त्याच जुगाडाला मिनी ट्रॅक्टर गाडी म्हटलेलं.
आणि जतकडची गंगव्वा,
हात ओढणीनं गळ्यात बांधलेला, ओढणी कुणाची तरी,
प्रत्येक प्रश्नाला एकच सांगत होती,
'गाडी री. गाडी.'

वडाप शब्द आला कुठून, मॅडमनी विचारलं.
वढायचं आणि पळायचं, जंगम म्हणाला.
हॅट, वढायचं आणि आपटायचं,
मागनं कोणतरी बोललं,
आणि तेवढ्यातही दोघं-तिघं हसले.

मला त्याचा तिसराच अर्थ पाठ होता, सरकारी:
अवैध प्रवासी वाहतूक.
वडाप लिहिलं की भाडं आलं,
भाडं आलं की विमा गेला,
आणि गंगव्वाचा हात
तिचा तिनं सांभाळायचा.
हे मी तोंडानं बोललो नाही.
माझं पेन तेवढं थांबलं होतं.

'इलाही भाचा हाय माझा,'
गंगव्वा एकदम मराठीत बोलली.
शिंपी म्हणाला, आम्ही दोस्त, लग्नाला निघालो होतो.
कॉलेजच्या दोघी पोरी: काका आमचे.
कोंबड्यांची बुट्टी मांडीवर घेतलेल्यानं
तर साडूच करून टाकला.
तेरा माणसं, एका घरची,
एकालाही दुसऱ्याचं नाव माहीत नाही.
आणि बावीस वर्षांचा इलाही मुजावर,
सगळ्यांचा काका, भाचा, साडू,
स्टिअरिंग धरून बसलेला. बोटं सोडवावी लागली.

मॅडमनी माझ्याकडं बघितलं.
मी ओढ्याकडं.
'लिहा,' म्हणाल्या. 'चारचाकी. पांढरी.'
पुढं?
'पुढचं उद्या.'

आमची बोलेरो जखमींना घेऊन विट्याला गेली.
शेवटची यष्टी साडेसातलाच निघून गेलेली,
म्हणजे धडकेच्या आधी.
रोजच जाते.
म्हणून तर तेरा जण आत होते.

आम्ही दोघं जंगमच्या बाकड्यावर.
मॅडम उसाचं एक कांडं चपलेनं उगाच ढकलत होत्या.
'शाळेत असताना मी काळीपिवळीच्या मागं
उभी राहून जायची. दफ्तर आतल्या बायांकडे द्यायचं.
कोणाच्या मांडीवर गेलं, ते उतरल्यावरच कळायचं.'
मी काही बोललो नाही.
माझी बायको वीस वर्षं
तशीच जाते, कडेगावच्या बाजाराला.

साडेदहाला दोन दिवे आले, एक जरा वर बघणारा.
मॅडमनी टोपी काखेत घेतली, हात केला.
गाडी थांबली. वर्दी दिसली तसा
ड्रायव्हरचा चेहरा उतरला.
आत सोळा तरी माणसं असतील,
सगळी एकमेकांकडं बघायला लागली.
'घरची गाडी हाय, मॅडम.'

'मग सरा की जरा,' म्हणाल्या.